ज्वारीची भाकरी सोडण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही दिसेल. वय 41, उंची 170 सेंटीमीटर, वजन 91 किलो, पोटाचा घेर 104 सेंटीमीटर. तीन वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 7.4. अमेरिकेतला मेहुणा 'पॅलिओ' करून पाच महिन्यांत 14 किलो उतरला, दिवाळीला आला तेव्हा दारात पटकन ओळखू आला नाही. त्याचं म्हणणं असं, की माणसाचं शरीर शिकारी आणि कंदमुळं गोळा करणाऱ्या पूर्वजांसाठी घडलंय. गहू, ज्वारी, तांदूळ, डाळी, दूध हे सगळं काल-परवा आलेलं अन्न, म्हणून ते सोडा आणि मटण, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा खा. तुम्ही विचारताय, हे खरं का? वजन उतरेल का? आणि घरात आई-बायको शाकाहारी, वर श्रावण नि चतुर्थ्या, तर भाकरी आणि डाळ सोडून निभवायचं कसं?

सोबत तुम्ही एका दिवसाचं खाणं लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत, बहुतेक लोक टाळतात. मी ते दोनदा वाचलं. सकाळी पोहे. दिवसभरात साखरेचे पाच चहा, त्यातल्या दोनांबरोबर बिस्किटं. डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची नाहीतर फ्लॉवरची भाजी. संध्याकाळी स्टँडजवळ वडापाव. रात्री साडेदहाला भात-आमटी, दोन पोळ्या, मग टीव्हीसमोर फरसाण. रविवारी मटण. यात ज्वारीची भाकरी कुठाय? जी सोडू का म्हणून विचारताय ती तुमच्या ताटात आधीपासूनच नाही. डाळ आहे ती एका वेळच्या आमटीत, आणि ती आमटीही 'पातळच असते' असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा प्रश्न अश्मयुगाचा कमी आणि संध्याकाळी पाच ते रात्री अकरा या सहा तासांचा जास्त आहे. तरी मेहुण्याच्या म्हणण्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण त्यात अर्धं खरं आहे.

त्याआधी एक गोष्ट, आणि ही वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्लिमेपिराइड ही गोळी तुमच्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात का नाही हे ती बघत नाही. सकाळी गोळी घेतली आणि पोळी-भात एकदम बंद केला, तर साखर धाडकन खाली येऊ शकते. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई, साधारण पन्नाशीच्या, व्हॉट्सॲपवरचा एक तक्ता बघून मनानेच धान्य बंद करून बसल्या. चौथ्या दिवशी बँकेच्या रांगेत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शेजारच्या दवाखान्यात बोटातून रक्त काढून बघितलं तर साखर 52. तुमच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिनसारखं, 'फ्लोझिन' शेवट असलेलं काही असेल, तर धान्य अगदी तोडण्याचा धोका वेगळा: साखर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साठू शकतं, आणि ते जिवावर बेततं. म्हणून आहारात मोठा बदल करण्याआधी गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. आधी गोळीचा हिशोब, मग भाकरीचा.

आता पूर्वजांकडे वळू. ही कल्पना फार जुनी नाही. वॉल्टर व्होटलिन नावाच्या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञाने 1975 मध्ये ती मांडली, ती बहुतांशी मांसाहाराची होती. तिला वजन आलं ते 1985 मध्ये, बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पुराश्मयुगातल्या पोषणावर लेख लिहिला तेव्हा. त्यांचा मुद्दा विचार करण्यासारखा होता: आपली जनुकं हळू बदलतात, ताट झपाट्याने बदललं, आणि या दोहोंच्या फटीत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार बसलेत. पुढे त्यावर पुस्तकं निघाली, डबाबंद पावडरी निघाल्या, आणि 'पूर्वजांनी धान्य कधी खाल्लंच नाही' हे वाक्य गृहीत धरलं गेलं.

ते वाक्य चुकीचं आहे. इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराचं पाणी 1989 मध्ये खूप खाली गेलं आणि काठावर एक वस्ती उघडी पडली, ओहालो नावाची. वय सुमारे 23,000 वर्षं. तिथल्या झोपड्यांत रानटी सातू आणि रानटी गव्हाचे दाणे सापडले, आणि एक दगडी पाटाही. त्याच्यावर धान्याचे पिष्टकण चिकटलेले होते. शेती सुरू झाली त्याच्या आधीची ही दहा हजारांहून जास्त वर्षं. आणखी मागे जा. इराकमधल्या शानिदार गुहेतल्या निअँडरथल (आता नामशेष झालेल्या मानवजातीच्या) माणसांच्या दातांवरच्या किटणात सातूच्या जातीच्या गवताच्या बियांचे कण मिळाले, आणि त्यातले काही शिजवलेले. म्हणजे दाणे गोळा करणं, दळणं, शिजवणं हे माणूस नांगराच्या कितीतरी आधीपासून करतोय. फक्त ते मुठीने मिळायचं, पोत्याने नाही.

आपल्याकडचंही बघा. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं तुम्ही बघितली नसतील तर एकदा जाऊन या. कशेळीचा हत्ती तर इतका मोठा की जमिनीवर उभं राहून एका नजरेत मावत नाही. हत्ती, गेंडे, मासे, त्यांत शार्क आणि पाकटही आहेत. शेतीचं चित्र मात्र कुठे दिसत नाही. ती किती जुनी यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण कोरणारी माणसं शिकारीवर आणि मासेमारीवर जगत असावीत असं मानलं जातं. त्या माणसाचं जेवण आणि ओहालोच्या माणसाचं जेवण एक होतं का? आणि बर्फाळ प्रदेशात सीलच्या चरबीवर जगणाऱ्याचं? पूर्वज म्हणजे नेमका कोणता पूर्वज, हे मेहुण्याला विचारा.

आजही असे लोक आहेत ज्यांच्याकडे बघून अंदाज घेता येतो. टांझानियातले हादझा शिकार करतात, कंद खणतात, बोरांसारखी फळं खातात आणि मध तर एवढा खातात की आपण मधुमेहाच्या भीतीने डोळे मिटावेत. बोलिव्हियाच्या जंगलातले त्सिमाने लोक शिकार-मासेमारीबरोबर थोडी शेतीही करतात: भात, केळी, कसावा, मका. त्यांच्या आहारातली सुमारे 72 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. 2017 मध्ये त्यांच्यातल्या 705 प्रौढांच्या हृदयाचे सीटी स्कॅन प्रसिद्ध झाले. शंभरातल्या 85 जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठल्याची, म्हणजे त्या कडक होत असल्याची, खूणही नव्हती. भात खाऊन! पण तो भात त्यांनी स्वतः पेरलेला, कापलेला, कांडलेला असतो, आणि त्यानंतर कोणी फरसाणाची पिशवी फोडत नाही.

हादझांबद्दल एक गंमत सांगते, कारण ती वजनाशी थेट निगडित आहे. त्यांचे पुरुष दिवसाला 11 किलोमीटरच्या आसपास चालतात. तरी 2012 च्या एका अभ्यासात शरीराच्या आकाराचा हिशोब धरून मोजलं, तर दिवसभरात त्यांच्या जळणाऱ्या एकूण कॅलरी खुर्चीवर बसणाऱ्या अमेरिकी माणसाइतक्याच निघाल्या. शरीर भरपूर चालण्याची सवय करून घेतं आणि दुसरीकडे काटकसर करतं. म्हणून निव्वळ चालून 20 किलो उतरतील ही आशा मी कोणाला दाखवत नाही. पण चालणं सोडून चालत नाही, कारण साखर आणि रक्तदाब यांना त्याचा फायदा वजनाची वाट न पाहता मिळतो. आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात याचा उलटा नमुना मी दर वर्षी बघते. तालमीत असताना पैलवान बदामाची थंडाई, तूप, मटण खातो आणि पहाटे चारला उठून हजार बैठका मारतो. तिशीत तालीम सुटते, थंडाई सुटत नाही. पस्तिशीत तो गडी माझ्यासमोर बसलेला असतो, रिपोर्टची फाईल घेऊन. पूर्वजाचं ताट ठेवायचं आणि पूर्वजाचं अंग सोडायचं, याचं याहून ढळढळीत उदाहरण मला माहीत नाही.

आणि आपली जनुकं लाख वर्षांपासून थिजून बसलेली नाहीत. मोठेपणी दूध पचवण्याची ताकद देणारा बदल गेल्या दहाएक हजार वर्षांत, गुरं पाळायला लागल्यावर पसरला. युरोपात आढळणारा तोच बदल भारतातही आहे, वायव्येकडे जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी. म्हणून पंजाबी माणूस तांब्याभर दूध पितो आणि आपल्यातल्या कित्येकांचं पोट पेलाभर दुधाने गुरगुरतं, ताक मात्र सोसतं. तुमचं पोट दुधाला कसं आहे ते तुम्हालाच ठाऊक. त्याला शास्त्रापेक्षा अनुभव विचारा. शिवाय मेहुण्याच्या ताटात तरी अश्मयुग कुठाय? कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली ही तिन्ही माणसाने एकाच रानटी झाडापासून घडवलेली भावंडं. रानकेळ्यात बियाच बिया असतात, आपलं केळं माणसाने निवडत निवडत बिनबियांचं केलं. आणि ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोची होते, तिचा कुठल्याही पूर्वजाने पाठलाग केलेला नाही.

मग मेहुणा उतरला कसा? उतरला हे खरंच आहे, त्यात खोट नाही. स्वीडनमध्ये यावर चांगले प्रयोग झालेत. एका प्रयोगात 13 मधुमेहींना तीन महिने पॅलिओ आणि तीन महिने मधुमेहाचा नेहमीचा आहार दिला. पॅलिओच्या काळात वजन आणि साखर दोन्ही जास्त सुधारले. माणसं फार थोडी होती, पण निकाल नाकारण्यासारखा नाही. दुसरा प्रयोग मोठा, पाळी थांबलेल्या 70 स्थूल बायकांवर, दोन वर्षांचा. निम्म्या पॅलिओवर, निम्म्या तिथल्या सरकारी शिफारशींच्या आहारावर. सहा महिन्यांनी पॅलिओ गटाची चरबी स्पष्टपणे जास्त उतरलेली होती. दोन वर्षांनी मात्र दोन्ही गटांत तसा फरक उरला नव्हता. उतरल्या दोन्हीकडच्या, पण पॅलिओची आघाडी टिकली नाही.

माझ्या दवाखान्यातला अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. एका टायर-दुकानदाराने तीन महिन्यांत नऊ किलो उतरवले. त्यांच्यासाठी घरात वेगळी चूल, वेगळी भांडी, रोज चिकन नाहीतर मासे. वहिनी दमल्या. मग पुतणीचं लग्न आलं, पंगती आल्या, एकदा भात खाल्ला की 'आता मोडलंच आहे तर' म्हणत जिलेबीही आली. दिवाळीपर्यंत अकरा किलो परत. मी स्वतःही 2015 मध्ये पाच आठवडे करून बघितलं, कारण न करता सांगणं मला पटेना. तीन किलो उतरले. त्यातला पहिल्या आठवड्यातला दीड किलो म्हणजे पाणी होतं: यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर खर्च होते, तेव्हा तिच्या तिप्पट वजनाचं पाणीही तिच्याबरोबर जातं. लोक हेच बघून खूष होतात. पाचव्या आठवड्यात शेजारच्या घरातून खमंग थालीपिठाचा वास आला आणि माझं अश्मयुग संपलं.

पॅलिओने वजन उतरतं ते कशाने, याचा तुमच्याच दिवसावर हिशोब करू. पाच चहांत मिळून दहा चमचे साखर धरली तर 200 कॅलरी. सहा बिस्किटं, दीडशेच्या वर. वडापाव तीनशेच्या आसपास. मूठ-दोन मुठी फरसाण, अडीचशे. झाले की नाही नऊशे? यातलं एकही पॅलिओत बसत नाही. मेहुण्याने मैदा, साखर, तळण, बाटलीबंद पेयं एका दिवसात बंद केली, बाहेर खाण्यासारखं काही उरलंच नाही, आणि प्रत्येक जेवणात अंडी-मांस-मासे आले म्हणून पोट लवकर भरायला लागलं. या तीन गोष्टींनी तो उतरला. त्याने त्याबरोबर दोन ज्वारीच्या भाकरी आणि वाटीभर मुगाची उसळ खाल्ली असती तरी उतरला असता.

आता त्याच्या म्हणण्यातलं खरं अर्धं. आपल्या ताटात धान्य खरोखरच जास्त आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एकूण कॅलरींपैकी धान्याचा वाटा 45 टक्क्यांच्या वर नसावा. प्रत्यक्षात भारतीयांच्या जेवणात तो 50 ते 70 टक्के आहे. तुमचा दिवस बघा: पोहे धान्य, पोळी धान्य, पाव धान्य, भात धान्य, बिस्किट धान्य, आणि डब्यातली भाजी कोणती तर बटाटा. धान्य कमी करा, हे मीही सांगेन. पण कमी करणं वेगळं आणि त्याला विष ठरवणं वेगळं. विष ठरवलं की माणूस ते चोरून खातो.

डाळी सोडण्याला तर माझा साफ विरोध आहे. पॅलिओवाले म्हणतात, कडधान्यांत लेक्टिनं (पोटाला त्रास देऊ शकणारी काही प्रथिनं) आणि फायटेटं (लोह-जस्त नीट शोषू न देणारे पदार्थ) असतात. असतात. कच्चा राजमा खाल्ला तर उलट्या होतील हेही खरं. पण आपण कच्ची मटकी भाकरीत घालून खातो का? रात्री भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग शिजवायची: यात लेक्टिनं निकामी होतात आणि फायटेटही घटतात. हे आपल्या आज्यांनी शास्त्र वाचून केलं नव्हतं, पण केलं होतं. रानातल्या अन्नालाही हीच मेहनत लागते. कातकरी बायका कडू कंद कापून उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढतात. शेवळांची भाजी काकडं नाहीतर आमसूल घातल्याशिवाय केली तर घसा धरते. 'निसर्गातलं म्हणजे निर्धोक' ही शहरी माणसाची समजूत आहे, जंगलात राहणाऱ्याची नाही. घरात दोन माणसं शाकाहारी असताना डाळ-दूध दोन्ही काढून टाकलं तर त्यांच्या ताटात प्रथिनं म्हणून उरतं काय? मूठभर बदाम?

बदामावरून आठवलं. पॅलिओ करणारे सुकामेवा औषधासारखा सुरू करतात आणि चण्या-फुटाण्यासारखा संपवतात. शंभर ग्रॅम बदाम म्हणजे सुमारे सहाशे कॅलरी. दहा-बारा दाणे ठीक, वाटी नाही.

मिठाबद्दलही एक सांगायचंय. हा आहार करणारे बरेचजण 'नैसर्गिक' म्हणून सैंधवावर जातात आणि दूधही सोडतात. स्वीडनच्या त्या सत्तर बायकांच्या प्रयोगात पॅलिओ गटात आयोडीन कमी पडल्याचं दिसलं होतं. आपल्याकडे आयोडीन मुख्यतः साध्या आयोडीनयुक्त मिठातून येतं. मीठ कमी वापरा, पण जे वापराल ते आयोडीनचं वापरा.

इथपर्यंतचं दोन ओळींत: मेहुण्याचं वजाबाकीचं गणित घ्या, बंदीची यादी घेऊ नका. साखर, मैदा, तळण काढा, धान्य अर्ध्यावर आणा, प्रत्येक जेवणात प्रथिनं आणा. भाकरी, डाळ, ताक ठेवा. पोळीने ज्यांचं पोट खरंच बिघडतं, सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनने होणारा आतड्याचा आजार) असल्याचं तपासणीत दिसलंय, त्यांची गोष्ट वेगळी. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

आता तुमच्या घरात हे कसं बसवायचं. तुमच्या उंचीला 66 किलोच्या आसपास वजन योग्य मानलं, तर दिवसाला 65 ते 75 ग्रॅम प्रथिनं पुरेत, अर्थात क्रिएटिनिन ठीक असेल तर. मूत्रपिंडावर ताण असेल तर हा आकडा बदलेल, म्हणून तो रिपोर्ट आधी हवा. दोन अंड्यांतून 12 ग्रॅम मिळतात. पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून 11-12. दीडशे ग्रॅम चिकन किंवा बांगड्यातून 30. घट्ट वरणाच्या वाटीतून सहा-सात, दोन मध्यम भाकऱ्यांतून दहा, वाटीभर दह्यातून पाच. झाली बेरीज, आणि मेहुण्याच्या आहारात ज्यांना जागा नाही त्या चार गोष्टी यात आहेत. मांसाहार नसेल त्या दिवशी पनीर, सोया वड्या किंवा बेसनाचं दाटसर पिठलं. पिठल्याला लोक गरिबाघरचं समजतात, मी त्याला मान देते.

सकाळी पोह्यांऐवजी अंडी आणि एक भाकरी, नाहीतर मुगाची धिरडी. डब्यात चार पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या, उसळ, आणि मेथी-चाकवत-अंबाडी अशी एक पालेभाजी. आईंना भाकरी जमत असेल तर प्रश्नच नाही. बायकोला जमत नसेल आणि तुम्ही त्यावरून बोलणार असाल तर पोळीच खा, दोन खा. ज्वारी गव्हापेक्षा बरी, पण घरातली शांतता दोन्हींपेक्षा बरी. संध्याकाळी पाचला फुटाणे, एखादा पेरू किंवा उकडलेलं अंडं पोटात गेलेलं हवं, म्हणजे स्टँडजवळून जाताना पाय थांबत नाहीत. वडापाव इच्छाशक्तीने टाळायचा नसतो, भूक आधीच मारून टाळायचा असतो. रात्रीचं जेवण साडेआठच्या आत, त्यात भाजी-प्रथिनं आधी, भात शेवटी आणि छोटी वाटी. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. रविवारचं मटण खुशाल खा, फोडी खा, वरची तर्री बाजूला करा. पूर्वजांची शिकार हाडकुळी असायची, तिच्यावर तेलाचा थर नसायचा.

उपवासांचं मात्र मला हसू येतं, राग मानू नका. साबुदाणा हे धान्य नाही, कसावाच्या कंदाचं पिष्ट आहे, त्यामुळे पॅलिओवाल्यांच्या स्वयंपाकातही त्याचं पीठ सर्रास चालतं. म्हणजे शेंगदाण्याचं कूट वगळलं तर तुमच्या चतुर्थीची खिचडी मेहुण्याच्या नियमात बसेल आणि साखर मात्र आभाळाला नेईल. नियम पाळणं आणि तब्येत पाळणं यात किती अंतर असू शकतं ते इथे कळतं. उपवासाला रताळं किंवा सुरण माफक, राजगिऱ्याची एखादी भाकरी, दही, थोडे शेंगदाणे. त्या दिवशी गोळीचं काय करायचं हेही डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि पूर्वजांसारखं जेवण बघायचंच असेल तर अमेरिकेपर्यंत जायला नको. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, तुमच्या आई 'बैलाच्या कष्टाचं' खात नसतील. नांगरलेल्या रानातलं नको म्हणून अळू, माठ, सुरण, दोडका, पडवळ, भेंडी, मका, लाल भोपळा सगळं एकत्र शिजवलेली ती ऋषीची भाजी. मसाला नाही, तेल जवळजवळ नाही. शेतीच्या आधीच्या काळाची आठवण म्हणा हवं तर. त्यातला मका आणि लाल भोपळा अमेरिका खंडातून आलेले, पण ऋषींनी कधी तक्रार केलेली नाही. ती भाजी वर्षातून एकदाच करायची असते असं कोणी सांगितलं? मी ती महिन्यातून दोनदा करते, वर बांगडा भाजून घेते. ऋषिपंचमीला नाही, घाबरू नका.

सुरुवात एकदम सगळ्याने करू नका. पहिले पंधरा दिवस फक्त चार गोष्टी: चहा दोनच आणि बिनसाखरेचे, बिस्किटं बंद, वडापाव बंद, फरसाण घरात आणायचंच नाही. साखर घरीच उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी बघून वहीत लिहा. एवढ्यानेही ती उतरायला लागेल, म्हणून 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, युरिक ॲसिड, थायरॉईड आणि बी-12 करून घ्या. मेटफॉर्मिन तीन वर्षं चालू आहे, त्याने बी-12 उतरू शकतं. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आणि वही घेऊन परत लिहा, मग भाकरीचे आकडे ठरवू. आणि तेव्हा आमटीत डाळ किती मुठी पडते तेही लिहा. तुम्हाला ठाऊक नसेल, आईंना विचारा.